धूर तेथे सुपरहिरो

थीम पार्क, म्हणजे एखाद्या कल्पनेभोवती रचलेले करमणूक उद्यान, पाहायला येणाऱ्या माणसांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात: जे आहे ते पाहायला आलेले आणि मुलांनी ओढून आणले म्हणून आलेले. या दोहोंत न बसणारा एक तिसरा वर्ग संख्येने लहान असला तरी चिकाटीने मोठा आहे, आणि तो जे अजून नाही ते पाहायला येतो. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथील डिस्नेलँडमध्ये हा वर्ग विशेष पोसला गेला असून, तेथील जुन्या होत चाललेल्या ‘टुमॉरोलँड’ या भागात सुपरहिरो केव्हा, कोठे आणि कोणाला उठवून बसणार हे आधी सांगणे, हेच त्याचे जीवितकार्य होऊन बसले आहे. प्रस्तुत लेखात या माणसाला ‘भाकितकार’ म्हटले आहे. त्याला ज्योतिषी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ज्योतिषी दक्षिणा घेतो आणि हा वार्षिक पासाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरतो.

भाकितकार समजण्यासाठी त्याची कर्मभूमी आधी समजून घ्यावी लागते. डिस्नेलँडची वसाहत पेठांची आहे. तेथील भाषेत पेठेला ‘लँड’ म्हणतात, आणि परीकथांची, जंगलाची, अमेरिकेच्या जुन्या सरहद्दीची अशा एकेका कल्पनेची एकेक पेठ असते. टुमॉरोलँड ही उद्याची पेठ. वारांच्या नावाने पेठा वसवणाऱ्या पुण्यालाही उद्याच्या नावाने पेठ वसवण्याचे धाडस झाले नाही, आणि त्यात पेशव्यांचा व्यवहारीपणाच दिसतो. कारण सोमवार दर आठवड्याला नव्याने येतो, उद्या मात्र एकदाच येतो आणि आला की लगेच शिळा होतो. 17 जुलै 1955 रोजी उद्यानाचे उद्घाटन झाले तेव्हा या पेठेत 1986 साल नांदेल अशी योजना होती. प्रत्यक्षात बांधकामात हीच पेठ सर्वांत मागे राहिली, पैसेही संपत आले होते, तेव्हा फुगे आणि पताका लावून अपुरेपणा झाकण्यात आला व उरलेल्या जागेत निरनिराळ्या कारखान्यांना आपापली प्रदर्शने मांडू देण्यात आली. त्यामुळे मानवजातीच्या भवितव्याची पहिली झलक म्हणून लोकांनी अ‍ॅल्युमिनियमची थोरवी पाहिली, रसायनांचे दालन पाहिले, आणि 1956 मध्ये ‘उद्याचे न्हाणीघर’ही पाहिले.

पुढचा इतिहास हा भविष्याने वर्तमानाकडून खाल्लेल्या माराचा आहे. 1957 मध्ये मॉन्सॅन्टो कंपनीच्या पुरस्काराने प्लास्टिकचे ‘भविष्यातील घर’ उभे राहिले, आणि दहा वर्षांनी ते पाडायची वेळ आली तेव्हा पाडकामाचा लोखंडी गोळा त्याच्यावर आपटून टप्पा खाऊन परत येऊ लागला. उद्याच्या पेठेतील जी एकमेव वस्तू खरोखर भविष्यापर्यंत टिकली असती, तीच नेमकी दोन आठवडे खपून हातांनी मोडावी लागली. चंद्रावर नेणारी सफर 1969 मध्ये माणूस खरोखर चंद्रावर उतरल्याने निष्प्रभ झाली व 1975 मध्ये तिला मंगळाकडे वळवण्यात आले. उद्यानाचे संस्थापक वॉल्ट डिस्ने यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, 1967 मध्ये, सारी पेठ नव्याने बांधली गेली आणि तिच्यावरून उंच मार्गाने संथ फिरणारी ‘पीपलमूव्हर’ ही छोट्या डब्यांची न थांबणारी गाडी सुरू झाली. 1998 मध्ये पुन्हा नूतनीकरण झाले, पण या वेळी कंपनीने भविष्य सांगण्याचा नाद सोडून दिला आणि ज्यूल व्हर्नच्या काळातील लोकांनी कल्पिलेले जुने भविष्य सोनेरी व तांबूस रंगात रंगवले. यातली धूर्तता दाद देण्याजोगी आहे. खरे भविष्य शिळे होते. जे आधीच शिळे आहे त्याला ती भीती नसते.

याच नूतनीकरणात पीपलमूव्हरच्या मार्गावर ‘रॉकेट रॉड्स’ नावाच्या वेगवान गाड्या सोडण्यात आल्या. संथ डब्यांसाठी बांधलेल्या त्या मार्गाची वळणे सपाट होती, वेगासाठी लागणारा बाहेरच्या बाजूचा उठाव त्यांना नव्हता, आणि तो देण्याइतका पैसा मंजूर झाला नव्हता. परिणामी गाड्या सरळ रेषेत झेपावत आणि प्रत्येक वळणाशी नव्या सुनेसारख्या बावरून हळू होत. असे झेपावणे आणि बावरणे दिवसभर चालल्याने यंत्रे वारंवार बंद पडू लागली व 2000 मध्ये त्या कायमच्या थांबल्या. मार्ग मात्र राहिला. तेव्हापासून तो सगळ्या पेठेच्या डोक्यावरून रिकामा फिरतो आहे, आणि रिकामा मार्ग ही भाकितकाराच्या दृष्टीने मोकळी जागा नसून अर्धवट लिहिलेले वाक्य आहे. ते पुरे करण्यासाठी तो जन्माला आला आहे.

वाक्य पुरे करायला शब्द मिळाला तो 2009 मध्ये. त्या वर्षी डिस्ने कंपनीने मार्व्हल ही चित्रकथांची कंपनी सुमारे चार अब्ज डॉलर्सना विकत घेण्याचे जाहीर केले, आणि आयर्न मॅन, थॉर, कॅप्टन अमेरिका ही मंडळी कागदोपत्री मिकी माउसच्या एकत्र कुटुंबात आली. एखाद्या पात्रावरील अशा मालकीला ‘बौद्धिक संपदा’ म्हणतात. भाकितकार तिला नुसते ‘आयपी’ म्हणतो आणि ती अक्षरे उच्चारताना त्याचा चेहरा सातबारा पाहणाऱ्या तलाठ्यासारखा होतो. हे साम्य वरवरचे नाही. मार्व्हलने 1994 मध्येच युनिव्हर्सल स्टुडिओच्या तेव्हाच्या मालक कंपनीशी करार करून उद्यानांतील वापराचे हक्क देऊन टाकले होते, आणि त्या करारात मिसिसिपी नदी ही सीमा धरली होती. नदीच्या पूर्वेस युनिव्हर्सलने वापरलेली पात्रेच नव्हेत, तर त्या पात्रांच्या ‘कुटुंबातील’ इतरही पात्रे दुसऱ्या कोणा उद्यानाला वापरता येत नाहीत. फ्लोरिडा पूर्वेस पडते, तेथे 1999 पासून युनिव्हर्सलच्या उद्यानात मार्व्हलच्या नायकांची पेठ आहे, म्हणून डिस्नेला स्वतःच्याच मालकीचा स्पायडर-मॅन फ्लोरिडातील आपल्या उद्यानात उभा करता येत नाही. अ‍ॅनाहाइम मात्र पश्चिमेस आहे.

या कराराने भाकितकाराला वंशावळीचे शास्त्र दिले. मार्व्हलच्या नायकांचा जो ‘अ‍ॅव्हेंजर्स’ नावाचा संघ आहे त्याचा कोण सख्खा, कोण चुलत, एका चित्रपटात एकत्र लढल्याने सोयरसुतक लागते की नाही, यावर तो लग्न जमवणाऱ्या मावशीच्या बारकाईने बोलू शकतो. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ ही टोळी कराराच्या अर्थाने कोणाच्याच घरातली नव्हती, त्यामुळे 2022 मध्ये तिला फ्लोरिडातील एपकॉट या डिस्ने उद्यानातही प्रवेश मिळाला. गोत्र आड न आल्याचा हा आधुनिक काळातील एक सुरेख दाखला असून, तो सांगण्याची संधी भाकितकार कधीच सोडत नाही. ऐकणारा फक्त पाणी पिण्यासाठी थांबला होता, ही गोष्ट तो विचारात घेत नाही.

भाकितकाराच्या विचारपद्धतीला अवैज्ञानिक म्हणण्याची टीकाकारांना घाई असते. परंतु भारतीय दर्शनांची तोंडओळख असलेल्या वाचकाला तिच्यात एक भक्कम परंपरा ओळखू येईल. ज्ञानाच्या साधनांना आपल्याकडे ‘प्रमाणे’ म्हणतात, आणि न्यायशास्त्र चारच प्रमाणे मानीत असता भाट्ट मीमांसक सहा मानतात. भाकितकाराला सहाच्या सहा लागतात, आणि पडत्या काळात सातवे मिळाले तरी त्याची हरकत नसते.

प्रत्यक्ष प्रमाणाचा त्याला फारसा उपयोग नाही, कारण प्रत्यक्षात काहीच दिसत नाही. दिसतात ते पत्रे. दुरुस्ती किंवा बांधकाम चालू असलेल्या जागेभोवती उद्यानात उंच आडोसा लावतात, त्याला तेथील भाषेत कुंपण वा भिंत म्हणतात. मुंबई-पुण्याच्या माणसाने मेट्रोच्या कृपेने ज्यांच्या कडेने आयुष्याची काही वर्षे काढली ते पत्रे ते हेच, फक्त रंग चांगला आणि गुटख्याचा शिडकावा नाही. येथून अनुमान सुरू होते. डोंगरावर धूर दिसतो, जेथे धूर तेथे अग्नी, म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे अनुमानाचे शालेय उदाहरण. भाकितकाराचे अनुमान असे: पेठेत पत्रे लागले आहेत, जेथे पत्रे तेथे आयपी, आणि टुमॉरोलँडमध्ये दुसरी कोणती आयपी येणार, म्हणून पत्र्यांआड आयर्न मॅन आहे. नैयायिकांनी हेतूचे, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान काढायचे तिचे, दोष सांगून ठेवले आहेत. साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नसतानाही हेतू सापडला तर त्याला ते व्यभिचारी म्हणतात. पत्र्यांआड बहुधा फरशी बदलणे चालू असते, त्यामुळे पत्रे हा हेतू शास्त्रतः व्यभिचारी ठरतो. पण फरशी कोणत्या रंगाची बसली हे पाहिल्याखेरीज भाकितकार हा दोष मान्य करीत नाही. फरशी करडी असली तर करडा हा चिलखताचा रंग असतो. लाल असली तर बोलायलाच नको.

अनुमानाला पूरक म्हणून तो कागदपत्रे वाचतो. अ‍ॅनाहाइम शहरात बांधकामासाठी नगरपालिकेचा परवाना लागतो आणि अशा परवान्यांच्या नोंदी लोकांना पाहता येतात, ही लोकशाहीची सोय कोणा शहाण्या माणसाने वेगळ्याच हेतूने केली असावी. ‘आतील भिंत हटवणे, विजेच्या तारांची नवी जोडणी’ एवढ्या दीड ओळीतून भाकितकार प्रवेशद्वार, रांगेची मांडणी, गाडीतील आसनांची संख्या आणि शेवटी असलेले भेटवस्तूंचे दुकान उभे करतो. त्याला दुकान नेहमी दिसते, आणि या एका बाबतीत तो सहसा चुकत नाही.

शब्दप्रमाण म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे. शास्त्रात अशा माणसाला ‘आप्त’ म्हणतात आणि त्याला विषयाचे यथार्थ ज्ञान असावे अशी अट घालतात. भाकितकाराने अट सैल करून आप्ताचा अर्थ मराठीप्रमाणे नातेवाईक असा घेतला आहे. त्याच्या मेहुण्याच्या मित्राची शेजारीण उद्यानात मक्याच्या लाह्या विकते, आणि तिने आराखडा पाहिला आहे. मंत्रिमंडळ विस्ताराची यादी ज्याच्या खिशात कायम असते आणि मंत्रालयात ज्याचा एक शिपाई ओळखीचा असतो, त्या गृहस्थाचा परिचय असलेल्या मराठी वाचकाला हे प्रमाण अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

उपमान, म्हणजे साम्यावरून होणारे ज्ञान, थोडक्यात उरकता येते, कारण ते हाँगकाँग या एका शब्दात सामावते. तेथील डिस्नेलँडच्या टुमॉरोलँडमध्ये जानेवारी 2017 मध्ये आयर्न मॅनची सफर आली आणि 2019 मध्ये अँट-मॅनची, तीही बझ लाइटइयरच्या खेळाची जागा घेऊन; अ‍ॅनाहाइममध्येही बझ लाइटइयरचा खेळ आहे, तेव्हा पुढचे काय बोलावे!

खरे वैभव अर्थापत्तीत आहे. जाडजूड देवदत्त दिवसा जेवत नाही, अर्थात तो रात्री जेवत असला पाहिजे, हे अर्थापत्तीचे प्रसिद्ध उदाहरण. कंपनी सुपरहिरोंविषयी काही बोलत नाही, अर्थात ती रात्री नकाशे काढत असली पाहिजे. आणि अनुपलब्धी, म्हणजे वस्तू नसण्याचे ज्ञान, हे सहावे प्रमाण तर भाकितकाराने मीमांसकांच्याही पुढे नेले: ज्या वर्षी परवाना नाही, पत्रे नाहीत आणि शेजारीणही गप्प आहे, त्या वर्षी काम अतिशय मोठे असून गुप्तता विलक्षण कडक आहे, एवढाच निष्कर्ष निघू शकतो.

येथे एक अडचणीची वस्तुस्थिती नोंदवली पाहिजे. सुपरहिरो टुमॉरोलँडमध्ये येऊन गेले आहेत. या पेठेत एक गोल, दुमजली इमारत आहे, जिचा खालचा मजला फिरता बांधला होता. 1967 मध्ये तेथे विजेच्या उपकरणांनी घराची होणारी प्रगती दाखवीत, 1974 पासून यांत्रिक पशुपक्षी अमेरिकी गाणी गात, आणि 1998 पासून नव्या यंत्रांचे प्रदर्शन भरे. याच इमारतीत एप्रिल 2013 मध्ये आयर्न मॅनची चिलखते मांडली गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात थॉर आला, मार्च 2014 मध्ये कॅप्टन अमेरिका लोकांना भेटू लागला, आणि 2015 मध्ये यंत्रांचे प्रदर्शन बंद होऊनही नायकांना थोडी जागा मिळाली. एप्रिल 2016 पर्यंत तीही रिकामी झाली. विश्वाचे रक्षणकर्ते अकरा महिन्यांच्या कराराने राहिल्यासारखे तीन वर्षे राहिले आणि भांडीकुंडी घेऊन निघून गेले. वास्तविक भाकितकाराने येथे विजय घोषित करून निवृत्त व्हायला हवे होते. त्याने मात्र हे आगमन हिशेबात धरलेच नाही. ही नुसती भेट होती, सफर नव्हती. कीर्तनात पूर्वरंग असतो, आख्यान पुढे असते, असे त्याचे म्हणणे पडले.

आख्यान लागले ते समोरच्या देवळात. डिस्नेलँडच्या समोर, पूर्वीच्या वाहनतळावर, 2001 पासून कंपनीचेच कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर हे दुसरे उद्यान आहे. तेथील एका भुताळी हॉटेलच्या मनोऱ्यात मे 2017 मध्ये गार्डियन्सची टोळी घुसली. 2018 मध्ये शेजारची किड्यामुंग्यांची पेठ बंद करण्यात आली, आणि 4 जून 2021 रोजी त्या भागात ‘अ‍ॅव्हेंजर्स कॅम्पस’ उघडला. किड्यामुंग्यांना हाकलून त्यांच्या जागी कोळी-माणूस आणि मुंगी-माणूस यांना आणणे हा विनोद कंपनीने जाणूनबुजून केला की नाही हे कळायला मार्ग नाही. कोळी हा कीटक नव्हे ही प्राणिशास्त्रीय हरकत येथे क्षम्य मानावी. टुमॉरोलँडचे भाकीत यानंतर संपले असे कोणालाही वाटले असते. भाकितकाराने त्याच संध्याकाळी सांगितले की समोर जागा अपुरी पडणार आणि ओघ इकडे वळणार. ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीने आणखी दोन सफरी जाहीर केल्या व त्याही समोरच, तेव्हा त्याला अधिकच आनंद झाला, कारण आता जागा खरोखरच अपुरी पडणार होती.

टुमॉरोलँडमध्ये भाकितकाराचा एक नैसर्गिक शत्रूही राहतो, त्याला सोयीसाठी शुद्धिवादी म्हणावे. त्याचे म्हणणे असे की वॉल्ट डिस्ने यांच्या मनातील उद्या हा विज्ञानाचा होता आणि तेथे विकत घेतलेल्या पात्रांना थारा नसावा. हे म्हणणे ऐकायला उदात्त असले तरी अ‍ॅल्युमिनियमच्या दालनापुढे फारसे टिकत नाही. उलट भाकितकाराची बाजू तपासली तर तीही लंगडी पडते: थॉर हा नॉर्स पुराणातील देव, कॅप्टन अमेरिका 1941 चा, आयर्न मॅन 1963 चा, म्हणजे ज्यांना उद्याच्या पेठेत बोलवायचे ते सारे कालपरवाचेच आहेत. कंपनीला याची चिंता वाटण्याचे कारण नाही. न्हाणीघराचे भाकीत दहा वर्षांत हास्यास्पद ठरते, पण उडणारे चिलखत खोटे पाडायला वर्तमानकाळ सहजासहजी धजावणार नाही, म्हणून तयार कल्पित कथा विकत घेणे हा उद्याचा सर्वांत स्वस्त विमा आहे. या पेठेत पुढे काय होणार हे सांगण्याचे काम 1955 मध्ये कंपनी करीत होती. तिने ते खाली ठेवले, आणि पास काढून आत आलेल्या एका प्रौढ गृहस्थाने ते उचलले, इतकाच काय तो बदल झाला आहे. शुद्धिवादी आणि भाकितकार दुपारी एकाच बाकावर बसून भांडतात आणि संध्याकाळी एकाच गाडीने घरी जातात, कारण घरी त्यांचे ऐकणारे कोणी नसते.

घरच्यांची बाजूही सांगितली पाहिजे. भाकितकाराबरोबर उद्यानात गेलेल्या कुटुंबाला सफरी कमी घडतात. मुले ऑटोपिया या छोट्या मोटारींच्या रांगेत उभी असतात, आणि बाप त्यांना सांगत असतो की उद्याच्या पेठेत उद्घाटनापासून पेट्रोलचा धूर सोडणाऱ्या या मोटारी आता विजेवर जाणार आहेत, कंपनीने 2024 मध्येच पेट्रोल सोडण्याचे सांगितले आहे, आणि वीज म्हटली की टोनी स्टार्क, म्हणजे चिलखतातला आयर्न मॅन, आलाच. मुलांना मोटार चालवायची असते. बायकोला सावली हवी असते. या दोन्ही मागण्यांना वर्तमानकाळाच्या म्हणून दुय्यम मानण्यात येते.

चुकलेल्या भाकिताचे भाकितकाराला दुःख होत नाही, कारण त्याच्या मते ते चुकलेले नसून लांबलेले असते. उद्यान कधीच पूर्ण होणार नाही असे वॉल्ट डिस्ने यांचे म्हणणे होते, आणि त्याचा उपयोग तो नातेवाइकांना उसने पैसे परत करण्याची मुदत सांगावी तसा करतो. एखाद्या संथ मंगळवारी, शाळा चालू असताना आणि रांगा आखूड असताना, तो पीपलमूव्हरच्या रिकाम्या मार्गाखाली एकटाच मान वर करून उभा असलेला आढळतो. एखादा कामगार शिडी घेऊन येतो, ती खांबाला टेकवतो, वर चढतो, गेलेला दिवा काढून नवा बसवतो आणि शिडी खांद्यावर टाकून निघून जातो. भाकितकार घड्याळात वेळ पाहून टिपून घेतो. जुना दिवा पांढरा होता. नवा निरखून पाहिला तर किंचित तांबूस आहे.